शो क्वायर

शो क्वायर : समूहगायन आणि नृत्य एकाच वेळी सादर करणारा, अमेरिकेतील हायस्कुलांत रुजलेला कलाप्रकार. इंडियाना, ओहायो, आयोवा, मिसिसिपी आणि कॅलिफोर्निया या राज्यांत त्याची परंपरा विशेष बळकट आहे. गटात साधारण 30 ते 60 मुले-मुली असतात. सोप्रानो व आल्टो (मुलींचे उंच आणि खालचे आवाज), टेनर व बास (मुलांचे उंच आणि खालचे आवाज) अशा चार आवाजांत बांधलेली गाणी ती नाचत गातात. केवळ मुलींचे गटही पुष्कळ आहेत.

याची बीजे व्यावसायिक रंगमंचावर सापडतात. फ्रेड वेअरिंग यांच्या ‘पेनसिल्व्हेनियन्स’ या वृंदाने समूहगायनाला रंगमंचीय देखणेपण दिले. पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या कार्यशाळांना देशभरातून शाळांचे संगीतशिक्षक येत आणि तिथले तंत्र आपापल्या गावी नेत. 1962 मध्ये मिल्टन अँडरसन यांनी कॅलिफोर्नियात ‘यंग अमेरिकन्स’ हा तरुणांचा गट उभा केला; 1965 मध्ये ‘अप विथ पीपल’ आला. या गटांचे दौरे पाहून गावोगावच्या शाळांनी स्वतःचे गट काढले. त्यांना आरंभी ‘स्विंग क्वायर’ म्हणत. 1970 च्या दशकाच्या मध्यावर इंडियानातील फोर्ट वेन येथील बिशप लुअर्स हायस्कूलने स्पर्धा भरवली. ती या प्रकारातील पहिल्या स्पर्धांपैकी एक मानली जाते.

वर्षभराची सारी मेहनत एकाच ‘शो’साठी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा शाळा सुरू होताच शिबिर भरते, बाहेरून नृत्यदिग्दर्शक येतो आणि थोड्या दिवसांत बहुतेक हालचाली बसवून जातो. पुढचे महिने त्या घोटण्यात जातात. जानेवारी ते एप्रिल हा स्पर्धांचा हंगाम. शोमध्ये बहुधा पाच-सहा गाणी असतात : जोरकस सुरुवात, मध्ये एक संथ गीत, एखादे गमतीचे किंवा नाट्यपूर्ण गाणे आणि दमछाक करणारा शेवट. मध्येच काही सेकंदांत पोशाख बदलावा लागतो. रंगमंचावर येणे-उतरणे धरून हे सगळे साधारण 20 ते 25 मिनिटांत आटोपते.

खरी कसोटी दमाची आहे. पावली खेळत अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्याला उड्या मारताना सूर धरून ठेवणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. इथे त्यात चार वेगवेगळ्या स्वरपंक्ती सांभाळण्याची भर पडते. म्हणून काही गटांत धावता-धावता गाण्याचा सराव करून घेतात. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच क्षणी श्वास घ्यायचा नाही हेही शिकवले जाते, म्हणजे लांबवलेला सूर ऐकणाऱ्याला अखंड वाटतो. एकट्याचा आवाज उठून दिसला तर तो दोष ठरतो. एकलगायनाचे तुकडे असतात, पण गुण मुख्यतः मेळाचे. संथ गीताच्या वेळी मुले रायझर्सवर, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या फलाटांवर, जवळजवळ स्थिर उभी राहतात. डोळे दिपवणारे काहीच नसल्याने गटाने गायनावर किती कष्ट घेतले आहेत ते याच मिनिटांत उघड होते. शो क्वायर म्हणजे नुसता झगमगाट, असा आक्षेप घेणाऱ्यांनी आधी हे गीत ऐकावे.

पियानो, बास गिटार, ड्रम्स आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या साथीदारांच्या ताफ्याला ‘कॉम्बो’ म्हणतात. त्यात बहुधा विद्यार्थीच असतात. फलाट ढकलत आणणारी, विंगेत पोशाख क्रमाने मांडून ठेवणारी ‘क्रू’ची मुलेही गटाचीच. कॉम्बो आणि क्रूसाठी वेगळी पारितोषिके अनेक स्पर्धांत असतात आणि ती असायलाच हवीत, कारण एक फलाट चुकीच्या जागी राहिला तर पुढच्या ओळी कोलमडतात.

स्पर्धा शनिवारी दिवसभर चालते. यजमान शाळेत पाहुण्या गटांना एकेक वर्गखोली मिळते. प्राथमिक फेरीनंतर परीक्षक गटाशी बोलून उणिवा सांगतात, संध्याकाळी निवडक गट अंतिम फेरीत उतरतात. अनेक ठिकाणी गायनाला नृत्याइतके किंवा त्याहून अधिक गुण असतात.

2009 ते 2015 या काळात फॉक्स वाहिनीवर चाललेल्या ‘ग्ली’ मालिकेने हा प्रकार जगभर पोहोचवला. मात्र तिच्यातील मुले दर आठवड्याला नवी गाणी सहज उभी करतात. प्रत्यक्षात तोच शो महिनोन्महिने घासला जातो आणि प्रत्येक स्पर्धेनंतर त्यात दुरुस्त्या होतात.

पोशाख, नृत्यदिग्दर्शन, संगीतरचना आणि बसप्रवास यांचा खर्च मोठा असतो. तो बव्हंशी कुटुंबे आणि ‘बूस्टर्स’ नावाचे पालकमंडळ उचलते. स्पर्धा भरवणे हाही निधी उभारण्याचाच मार्ग आहे. त्या दिवशी पालक तिकीटखिडकी आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल सांभाळतात. यजमान शाळेचे गट बहुधा स्पर्धेबाहेर राहून फक्त कार्यक्रम सादर करतात. ज्या शाळांच्या पालकांना हा भार पेलत नाही, तिथे चांगले गळे असूनही गट टिकत नाही.