आपला थर आणि सर्वांचा नकाशा

नागपुरात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संस्थांमध्ये ‘माहिती नकाशावर टाकली आहे’ असे म्हणताना गूगल माय मॅप्स आणि ओपनस्ट्रीटमॅप ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. दोन्हींत पडद्यावर खूण करता येत असल्याने हा घोळ होतो. खरा फरक ती खूण कोणाच्या मालकीची होते, यात आहे.

माय मॅप्समध्ये गूगलच्या तयार नकाशावर आपण आपल्या खुणांचा थर अंथरतो. एका नकाशात असे 10 थर बसतात, एक्सेलमधील पत्त्यांची यादी थेट चढवता येते आणि आपण परवानगी दिल्याशिवाय ती इतरांना दिसत नाही. खालचा नकाशा मात्र तसाच राहतो, त्यामुळे नाग नदीकाठच्या वस्तीतला बोळ त्यात नसेल, तर आपली खूण मोकळ्या जागेतच तरंगते.

2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा खुला नकाशा आहे. त्यात तो बोळच रेखाटता येतो आणि एकदा रेखाटला की तो सर्वांचा होतो. जानेवारी 2010 च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून तेथील राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते असेच गिरवले आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले. तशा रात्रीसाठी तयारी करायची झाल्यास बोळ, नाल्यावरचे पूल, हातपंप आणि आसऱ्याची शाळा ओपनस्ट्रीटमॅपवर असावी, कारण ती माहिती अग्निशमन दलापासून शेजारच्या संस्थेपर्यंत कोणालाही लागू शकते. अंथरुणाला खिळलेली आजी कोणत्या घरात आहे, क्षयरोगाची औषधे कोणाकडे पोचवायची, हे मात्र माय मॅप्समधील खासगी थरातच ठेवावे. उत्साहाच्या भरात रुग्णांची घरे खुल्या नकाशावर टाकणे मला अक्षम्य वाटते, कारण तेथे पुसलेल्या नोंदीचा इतिहासही शिल्लक राहतो.

उलट दिशेची चूक अधिक साळसूद दिसते. गूगलच्या नकाशावरून किंवा उपग्रहचित्रावरून रस्ते गिरवून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरण्यास परवाना नाही. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादन-साधनात दिलेली, परवानगी असलेली चित्रे वापरावीत किंवा मोबाइलचे जीपीएस सुरू ठेवून बोळ पायी फिरावा. बोळाला लोक काय म्हणतात, हे तेथल्या बायकांनाच विचारावे लागते. ते कोणत्याच उपग्रहाला दिसत नाही.