औषधरोधी क्षय आणि हवेतून होणाऱ्या संसर्गाचे नियंत्रण (सातारा-सांगली परिसर)

क्षयाच्या जंतूंवर नेहमीची औषधे चालेनाशी होतात तेव्हा त्याला औषधरोधी क्षय म्हणतात. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे निकामी ठरली, तर तो एमडीआर क्षय. साधा क्षय ६ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. एमडीआरसाठी पूर्वी दीड वर्षाहून अधिक उपचार लागत, आणि त्यातल्या इंजेक्शनांनी कित्येकांना कायमचे बहिरेपण आले. बेडाक्विलिनसह चार औषधांच्या ६ महिन्यांच्या उपचाराला भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

‘गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, म्हणून रोग चिवट झाला,’ असे सर्रास म्हटले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे आणि पुष्कळदा रुग्णावर अन्याय करणारे आहे. क्षयाची एकही गोळी न घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या खोकल्यातून थेट औषधरोधी जंतू लागू शकतो. दक्षिण आफ्रिकेतील तुगेला फेरी येथे २००५-०६ मध्ये अतिरोधी क्षयाचे (एमडीआरहूनही अधिक औषधांना दाद न देणाऱ्या) ५३ रुग्ण सापडले आणि त्यांपैकी ५२ दगावले. एचआयव्ही चाचणी झालेले सर्वजण बाधित होते. निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी क्षयाचे उपचार घेतलेले नव्हते. बरेच जण मात्र नुकतेच रुग्णालयात राहून आलेले होते, म्हणजे लागण बहुधा तिथल्या हवेतून झाली.

म्हणून संसर्गनियंत्रणात पहिला मान खिडकीला. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत मोजणी झाली, तेव्हा दारे-खिडक्या उघडताच खोलीतील हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत असल्याचे दिसले. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत हे प्रमाण १२ धरले होते. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली काढले ते क्षयरुग्णांसाठीच. औषध नसलेल्या त्या काळात स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. हवेने रोग बरा होत नाही, पण शेजारच्या माणसाचा धोका घटतो, आणि गरीब देशाला परवडणारा यापेक्षा स्वस्त उपाय नाही. आज मात्र काचा बंद करून एसी लावलेल्या प्रतीक्षाकक्षात खोकणारा रुग्ण, गरोदर बाई आणि लहान मूल एकाच बाकावर बसलेले असतात. खोकणाऱ्याला आधी आत घेणे, त्याला साधा मास्क देणे, कर्मचाऱ्यांनी एन-९५ वापरणे, थुंकीचा नमुना बंद खोलीत न घेता बाहेर मोकळ्यावर घेणे, या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. सीबीनॅट यंत्र साधारण २ तासांत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही सांगते. योग्य औषध लवकर सुरू झाले की रुग्णापासून होणारा संसर्गही झपाट्याने कमी होतो.

औषधविक्रीवरही बंधन आहे. क्षयाची औषधे १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत (कडक नोंदीने विकायच्या औषधांच्या यादीत) आहेत; दुकानदाराने चिठ्ठीवरच ती द्यायची आणि नोंदवही ३ वर्षे जपायची.

या भागातला अवघड प्रश्न ऊसतोडीचा. गाळप हंगामात बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठी येतात. फडाजवळच्या बुटक्या कोपीत सगळे कुटुंब दाटीने झोपते. पहाटे तोड सुरू होते आणि दवाखान्याच्या वेळेत मजूर फडात असतो. हंगाम संपला की टोळी गावी परतते, आणि उपचार मध्येच तुटण्याची भीती असते. निक्षय क्रमांकामुळे (क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतील क्रमांकामुळे) उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वळवता येतात. त्यासाठी टोळी हलण्याआधी आशाताईला किंवा मुकादमाला निघण्याचा दिवस कळावा लागतो, आणि रुग्णाच्या हाती वाटेत पुरतील इतक्या गोळ्या द्याव्या लागतात.