तुमची वेबसाइट लोकांना वापरता येतेय का? आम्ही ते कसं मोजतो

वेबसाइट नाहीतर अ‍ॅप करून घेतलं की बहुतेक जण पहिलं विचारतात, रोज किती लोक येतात? आकडा कामाचा आहेच, पण दुकानात किती जण डोकावले एवढंच त्यातून कळतं, माल न घेता का गेले ते नाही कळत. आम्ही मोजतो ते हे दुसरं.

आधी स्पीड. गूगलची त्यासाठी तीन मापं आहेत: पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत स्क्रीनवर प्रतिसाद दिसला पाहिजे (हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्याच्या जागी आलं), आणि पान लोड होताना इकडेतिकडे सरकता कामा नये, तो स्कोअर ०.१ च्या आत. १०० पैकी ७५ वेळा तरी हे जमलं तर पास. सरकण्याचं लोकांना किरकोळ वाटतं पण बोट ‘रद्द करा’वर टेकणार तेवढ्यात वर बॅनर उगवतो, सगळं खाली जातं आणि ‘पैसे भरा’ दाबलं जातं, मग तो माणूस परत कशाला येईल.

पण स्पीड चांगला म्हणजे सगळं झालं असं नाही. म्हणून आम्ही तुमच्याच पाच ग्राहकांना बोलावतो, त्यांच्या स्वतःच्या फोनवर एक काम देतो, समजा हापूसच्या दोन पेट्या पुण्याला मागवा, आणि शेजारी गप्प बसतो. मदत करायची नाही, हे फार अवघड जातं हो, पण बोट कुठे अडखळतं ते तेव्हाच दिसतं. मराठी कीबोर्ड चालू असलेल्या काकू पिनकोड मराठी आकड्यांत, ४११०३० असा टाकतात आणि फॉर्म म्हणतो पिनकोड चुकीचा. कुणी ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातो, परत येतो तर भरलेलं सगळं गायब! असलं काही कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

पाचच का? वेबसाइट वापरायला सोपी कशी करायची याचे जाणकार जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांत बहुतेक अडचणी सापडतात, आम्हालाही ते पटतं, फक्त तुमचे ग्राहक दोन वेगळ्या प्रकारचे असतील, म्हणजे शेतकरीही आणि व्यापारीही, तर दोन्हीकडचे वेगळे घ्यावे लागतात.

काम किती जणांनी पूर्ण केलं, किती वेळ लागला, कुठे चुकले, हे सगळं लिहून देतो. शिवाय १९८६ ची जॉन ब्रूक यांची दहा प्रश्नांची सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं याची प्रश्नावली, मराठीत भरून घेतो. तिचा स्कोअर ० ते १०० मध्ये येतो, सरासरी ६८ धरतात, त्यामुळे ६० आले म्हणून फर्स्ट क्लास समजू नका. पाच जणांवर हा स्कोअर फार वरखाली होतो, त्यासाठी पंधरा-वीस जण तरी हवेत.

बोलावलेल्या ग्राहकांचा वेळ जातो, त्यांना काहीतरी मानधन द्याच. स्क्रीन रेकॉर्ड करण्याआधी आम्ही त्यांची परवानगी घेतो, आणि दुरुस्त्या झाल्या की तीच कामं नव्या पाच जणांना देऊन आधीचे-नंतरचे आकडे शेजारी-शेजारी तुमच्या हातात देतो.