मास्क कोणासमोर उतरतो?

2020 च्या उन्हाळ्यात ठाण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत एक विसंगती रोजच दिसायची. पार्सल घेऊन आलेल्या पोराला गेटच्या आत घ्यायचं नाही, त्याने ठेवलेल्या पिशवीवर सॅनिटायझर मारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधले काका पत्ते कुटायला आले की मास्क खुंटीला! पार्सलवाल्याशी गाठ अर्ध्या मिनिटाची, तीही उघड्यावर. काकांसोबत दोन तास, पंखा लावून, खिडक्या बंद, हसणं-खिदळणं चालू. हवेतून पसरणाऱ्या विषाणूला यातली कुठली बैठक मानवेल, हे सांगायला डॉक्टर नको. पण काका पडले घरचे, आणि घरच्या माणसाची भीती वाटत नाही.

धोका जोखताना आपण आकडेमोड करत बसत नाही. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिहिलेला लेख या विषयात आजही महत्त्वाचा मानला जातो. एखाद्या संकटाची धास्ती किती आणि ते किती अनोळखी, या दोन गोष्टींवर सामान्य माणसाला वाटणारा धोका बराचसा ठरतो, असं त्याने दाखवलं. आपल्या हाताबाहेरचं, जीवघेणं, डोळ्यांना न दिसणारं असं जे जे असतं, ते मोठं वाटतं.

कोरोना सुरुवातीला दोन्हीकडे अव्वल होता. 25 मार्च 2020 रोजी टाळेबंदी लागली तेव्हा देशभरात नोंदलेले रुग्ण जेमतेम सहाशेच्या आसपास होते, तरी लोक दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते, पेपर बंद करत होते. वर्षभरात आजार ओळखीचा झाला. शेजारच्यांना होऊन गेला, मेव्हणा बरा होऊन कामावर गेला. 2021 च्या सुरुवातीला लग्नाचे हॉल पुन्हा गजबजले, मास्क हनुवटीवर आले. त्याच वर्षी 22 एप्रिलला देशात एका दिवसात तीन लाखांहून जास्त नवे रुग्ण नोंदले गेले. धोका वाढत होता तेव्हा धास्ती ओसरलेली होती.

मग लोकांना अजून घाबरवावं का? मला तरी ते पटत नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत ब्रिटनमध्ये 997 जणांना फोनवर प्रश्न विचारले गेले. सुचवलेल्या सवयींपैकी काही ना काही अंगीकारणारे सुमारे 38 टक्केच निघाले. आजार गंभीर आहे, आपल्यालाही होऊ शकतो, असं वाटणारे त्यात पुढे होतेच. पण हात धुतल्याने खरंच फरक पडतो आणि सरकार सांगतंय ते भरवशाचं आहे, असं मानणारेही पुढे होते. नुसती भीती घातली आणि उपायावर विश्वास बसला नाही, तर माणूस विषयच टाळतो. 'जे व्हायचं ते होईल' हे वाक्य त्या दिवसांत आपण सगळ्यांनीच ऐकलंय.

अशा पाहण्या वाचताना एक चकवा ध्यानात ठेवावा लागतो. लाइम रोगाच्या (गोचीड चावल्याने होणारा आजार) लशीवरचा एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना धोका जास्त वाटत होता त्यांनी लस अधिक प्रमाणात घेतली आणि लस घेतल्यावर त्यांनाच धोका कमी वाटू लागला! आता त्यांना एकदाच, तेही लस घेतल्यानंतर विचारलं असतं, तर भीतीचा आणि लस घेण्याचा काही संबंधच नाही असं वाटलं असतं, कदाचित उलटाही दिसला असता. म्हणून त्याच माणसांना आधी आणि नंतर, दोनदा विचारावं लागतं.

शिवाय वाटणं एक आणि जमणं वेगळं. 15 जून 2020 पासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी लोकल सुरू झाली. दिवा स्टेशनहून लोकलमध्ये चढणाऱ्या नर्सला आणि घोडबंदरच्या टॉवरमध्ये लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला 'तुम्ही अंतर पाळता का?' असं विचारलं, तर एक 'नाही' म्हणणार, दुसरा 'हो'. भीती कदाचित तिलाच जास्त वाटत असेल. पाहणीच्या तक्त्यात मात्र ती बेफिकिरांच्या रकान्यात जाते.