बसणारी लिफ्ट आणि पंपाच्या माथी मारलेला दोष

जुना ट्रॅक्टर विकत घेतलेल्या शेतकऱ्याला पहिल्याच हंगामात हमखास ऐकावे लागणारे एक वाक्य आहे : "लिफ्ट बसते म्हणजे पंप गेला." लिफ्ट म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलाच्या दाबावर ट्रॅक्टरमागचे अवजार उचलणारी यंत्रणा. गेल्या पावसाळ्यानंतर एका गोठ्यात उभ्या असलेल्या मॅसी 35 ट्रॅक्टरबद्दल हेच निदान झाले होते आणि पंप उतरवण्याची तयारीही सुरू होती. उचललेला कल्टिव्हेटर, म्हणजे मशागतीचे अवजार, इंजिन बंद केल्यावर हळूहळू जमिनीकडे येत होता, एवढीच तक्रार होती. इंजिन बंद असताना पंप फिरतच नाही. मग लिफ्ट खाली येते ती पंपाची ताकद कमी पडल्यामुळे कशी येईल?

हे समजण्यासाठी या ट्रॅक्टरच्या पोटातली रचना पाहावी लागते. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी (अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडण्याची पद्धत) आणि त्यांच्या हायड्रॉलिकचे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचे, तत्त्व 1936 च्या फर्ग्युसन-ब्राउन, 1939 च्या फोर्ड 9 एन आणि 1946 पासूनच्या टीई 20 या ट्रॅक्टरांतून शेतात पोचले. 1953 मध्ये त्यांची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि त्यातूनच पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आले. टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी 1960 मध्ये मद्रासला सुरू झाली ती मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने, त्यामुळे हे घराणे आपल्याकडेही चांगलेच रुजले.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे नियंत्रण व्हॉल्व्ह पंपाच्या ओढीच्या बाजूला बसवलेला आहे. बहुतेक हायड्रॉलिक यंत्रांत पंप सतत तेल ढकलत राहतो आणि नको असलेले तेल टाकीत परत सोडले जाते. इथे मात्र चार पिस्टनांच्या पंपाला तेल मिळू द्यायचे की नाही, हेच व्हॉल्व्ह ठरवतो. तो एका दिशेला सरकला की पंपाला तेल मिळते आणि लिफ्ट उठते, दुसऱ्या दिशेला सरकला की सिलिंडरमधले तेल बाहेर पडते आणि लिफ्ट बसते, आणि मध्ये असताना दोन्ही वाटा बंद राहून सिलिंडरमध्ये अडकलेले तेल अवजार तोलून धरते. नांगर चालताना जमिनीचा विरोध वाढला की टॉपलिंक (तीन बिंदूंपैकी वरचा दांडा) पुढे दाबली जाते, तिची स्प्रिंग आवळते आणि तोच दाब लिव्हरमार्फत याच व्हॉल्व्हला किंचित सरकवून नांगर जरासा वर घेतो. मातीचा जोर ओळखणारे हे यंत्र विजेच्या एकाही तारेशिवाय चालते.

आता अडकलेल्या तेलाचा हिशेब पाहू. सिलिंडरचा व्यास 75 मिलिमीटर धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 44 चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे फक्त 44 मिलिलिटर तेल निसटले, तर पिस्टन एक सेंटिमीटर मागे येतो, आणि लिफ्टच्या बाहूंच्या लांबीमुळे अवजाराचे टोक त्याहून कितीतरी जास्त खाली जाते. एवढे तेल निसटायला पिस्टनची झिजलेली रिंग, सिलिंडरचे गॅस्केट, तेल वर नेणाऱ्या नळीची कडक झालेली ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे), सुरक्षा व्हॉल्व्ह किंवा नियंत्रण व्हॉल्व्हची झीज पुरेशी असते. पंपाच्या पिस्टनांकडे संशयाला फक्त एकच जागा उरते : तेल उलटे येऊ न देणारे त्यांचे व्हॉल्व्ह.

त्या गोठ्यात आम्ही लिफ्टच्या बाहूवर आणि शेजारच्या भागावर खडूने एकमेकांसमोर खुणा केल्या आणि घड्याळ धरले. मग इंजिन चालू करून तसेच पाहिले. कल्टिव्हेटर थोडा खाली येई, व्हॉल्व्हला ते जाणवे आणि तो पुन्हा जागेवर जाई. मान डोलावल्यासारखे हे सतत चालले होते. ॲक्सिलरेटर वाढवला तरी डोलण्याची लय तीच राहिली. हीच खूण मोलाची आहे, कारण गळतीचा वेग इंजिनच्या फेऱ्यांवर ठरत नाही. याउलट उचलताना झटके बसत असतील आणि इंजिनबरोबर त्यांचा वेगही वाढत असेल, तर पंपाच्या एखाद्या पिस्टनचे व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, किंवा तेल कमी पडून अथवा तेल गाळणारी जाळी तुंबून पंप हवा ओढतो आहे, असे समजावे. आणि लिफ्ट मुळीच उचलत नसेल तर आधी पीटीओचा (इंजिनची ताकद मागच्या अवजारांना देणाऱ्या शाफ्टचा) लिव्हर पाहावा, कारण या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या शाफ्टवरच चालतो. लिव्हर न्यूट्रलला असला तर पंप थांबलेलाच असतो.

लिफ्ट बसते म्हणून अनेकजण तेल ओततात आणि इथून मागच्या धुऱ्याचा त्रास सुरू होतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. पातळी खुणेच्या वर गेली की तेल धुऱ्याच्या नळकांड्यातून चाकाकडे सरकते, झिजलेल्या ऑईल सीलमधून बाहेर पडते आणि ब्रेकच्या पट्ट्यांवर पोचते. एका बाजूचा ब्रेक लागेनासा होतो आणि दोन्ही पेडल एकत्र दाबल्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन जाणाऱ्यासाठी हे जिवावर बेतणारे आहे. नवे सील घालण्याआधी जॅक लावून चाक हलवून पाहावे, कारण बेअरिंगला खेळ असेल तर नवे सीलही लवकरच फाटते.

तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. ते बहुधा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून पावसात शिरते, व्हॉल्व्हला गंज धरवते आणि व्हॉल्व्ह अडकवते. असे तेल पूर्ण काढून टाकावे. बाटलीतले "लिफ्ट दुरुस्त करणारे" मिश्रण फाटलेली ओ-रिंग जोडू शकत नाही, आणि ट्रॅक्टरला बांधलेली लिंबू-मिरचीही गळती थांबवत नाही. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा अवश्य करावी, पण नजर लागली म्हणून लिफ्ट बसली असे मानण्यात तपासणीचे दिवस वाया जातात.

त्या मॅसीचे वरचे झाकण उघडले तेव्हा नळीची ओ-रिंग नखाने दाबताच तुकडे होऊन सुटली. पंप जागचा हलवावा लागला नाही. झाकण उघडण्यापूर्वी मात्र कल्टिव्हेटर जमिनीवर टेकवला होता, कारण वर उचललेले अवजार या अशाच एका रबरी कड्याच्या भरवशावर लोंबत असते आणि त्याच्याखाली हातही घालू नये.