खाऱ्या पाण्यात सिमेंट लवकर का धरतं?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या गच्चीचं काम निघालं, तेव्हा कडिया, म्हणजे गवंडी, म्हणाला, "काका, बोअरचंच पाणी घेऊ या. खाऱ्या पाण्यात माल लवकर धरतो." त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. म्हणूनच मला काळजी वाटली.

सिमेंट वाळून कडक होतं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून कडक होतं, म्हणून तर पाण्याखालीही ते धरतं. पाणी पडताच कणांमधून कॅल्शियम विरघळू लागतं. मग एक-दोन तास क्रिया अगदी मंदावते. याच वेळात माल कालवायचा, ओतायचा, थापायचा. त्यानंतर कणांभोवती कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाचं संयुग झपाट्याने वाढतं, शेजारच्या कणांवरच्या वाढीत गुंततं आणि माल धरतो. पाण्यात विरघळलेले क्षार हा मंद काळ कमी-जास्त करतात.

हे मी घरी करून पाहिलं. कपाटातली ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे दाणे मिळतात. दोन वाट्यांत १००-१०० ग्रॅम सिमेंट घेतलं, प्रत्येकी ३५ ग्रॅम पाणी. एका पाण्यात २ ग्रॅम दाणे. (दाणे विरघळताना पाणी स्वतःच तापतं, म्हणून ते आधी निवू दिलं. हातात मोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी भाजतं.) दीड तासाने दाण्यांच्या वाटीत खिळा रुतेना आणि वाटी हाताला कोमट लागत होती. दुसरीत खिळा सहज तळाला टेकला.

साध्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा, असर याहून बराच सौम्य. बोअरच्या पाण्यात तर क्षार इतके थोडे असतात की कडियाला वाटतो तेवढा वेळ काही वाचत नाही. शिवाय सगळेच क्षार घाई करत नाहीत. जस्ताचे आणि शिशाचे क्षार सिमेंटला रोखून धरतात. आणि एक क्षार तर प्रत्येक गोणीत कारखान्यातूनच येतो: जिप्सम. तो नसता तर सिमेंटमधलं ॲल्युमिनेट पाणी लागताच भडकलं असतं आणि घमेलं उचलायच्या आत माल दगड झाला असता.

मग क्लोराइडची भीती कशाला? सळईसाठी. ताज्या काँक्रीटमधलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं. त्यामुळे लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, राखणदार थर बसतो. थोडं क्लोराइड सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटात बांधलं जातं, पण उरलेलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचं काँक्रीट फुगून तडकतं. आयएस ४५६ या भारतीय मानकात पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा नुसत्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅम आहे, सळई असेल तर फक्त ५००. सिमेंट दोन्हीकडे तेच. हा चौपट फरक केवळ लोखंडासाठी.

आमच्या मागच्या गॅलरीचा स्लॅब बोअरच्या पाण्यात ओतलेला होता. तो तोडताना काँक्रीटवरून छिन्नी उडत होती, आतल्या सळईचे मात्र नखाने पापुद्रे निघाले. कडियाने एक पापुद्रा हातात चुरून पाहिला. त्या रात्री आम्ही दोघांनी आजवा तलावाचं गोडं पाणी येणाऱ्या नळाखाली पिंपं लावली.