शेजारी शहरांमधील अतिजलद रेल्वे

सुमारे ७५ ते २०० किमी. अंतरावरील दोन शहरांमध्ये ताशी २५० किमी. किंवा त्याहून अधिक वेगाने चालणारी प्रवासी रेल्वेसेवा. वेगाची ही मर्यादा नव्याने बांधलेल्या मार्गांची आहे. सुधारलेल्या जुन्या मार्गांवर ताशी २०० किमी. वेगही अतिजलद मानतात.

अशा मार्गांत पहिला कोणता, हे व्याख्येवर अवलंबून आहे. १८० किमी. अंतर शेजारचे मानले तर कोलोन–फ्रँकफुर्ट (२००२) हा मार्ग आधीचा ठरतो. माद्रिद–तोलेदो (२००५) अंतराने बराच आखूड आहे; मात्र त्याचा मोठा भाग १९९२ च्या माद्रिद–सेव्हिल मार्गाचाच असून तोलेदोकडे जाणारा फाटा जेमतेम २१ किमी. आहे. दोन लगतच्या महानगरांसाठी स्वतंत्र बांधणी हा निकष लावल्यास बीजिंग–त्यांजिन (ऑगस्ट २००८, सुमारे १२० किमी., अर्धा तास) यास मान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

आखूड अंतरात कमाल वेगाचा लाभ थोडा मिळतो. सरासरी प्रवेग ०.३ मी./से.² धरल्यास ताशी ३०० किमी. गाठण्यास साडेचार मिनिटांहून अधिक वेळ आणि साडेअकरा किमी. अंतर लागते, ०.५ मी./से.² मंदनाने थांबण्यास आणखी ७ किमी. त्यामुळे १५० किमी.चा विनाथांबा प्रवास ३०० च्या वेगाने सुमारे ३४, तर २०० च्या वेगाने सुमारे ४८ मिनिटांत होतो. वाचलेली १४ मिनिटे मधल्या प्रत्येक थांब्यागणिक सव्वा मिनिटाने घटतात. गाडी अर्ध्या तासाने असेल, तर वेळापत्रक न पाहता येणाऱ्याची सरासरी प्रतीक्षाच १५ मिनिटांची. उलट हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पट होतो. म्हणून या अंतरात वेगापेक्षा गाड्यांची वारंवारता आणि स्थानकाची जागा निर्णायक ठरते. शहराबाहेरच्या स्थानकापर्यंत पोचण्यातच वाचलेला वेळ खर्ची पडतो.

मुंबई–पुणे (रेल्वेने १९२ किमी.) मार्गावर अडचण बोरघाटाची आहे. कर्जत–लोणावळा टप्प्यातील चढ ३७ स. १ (दर हजारी २७) असून डब्यांच्या जोडण्यांवरील ओढ कमी करण्यासाठी गाडीला मागून बँकर इंजिने लावतात. उतरताना काही ठिकाणी सांधा आधी कॅच सायडिंगकडे (काबू सुटलेली गाडी अडवण्यासाठीच्या आडमार्गाकडे) लावलेला असतो; गाडी काबूत असल्याची खात्री झाल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. चढ मात्र अनेकदा समजतात तसा मूळ अडथळा नाही. कोलोन–फ्रँकफुर्ट मार्गावर दर हजारी ४० चढ आहे. तो हलक्या, अनेक डब्यांत चालकशक्ती विभागलेल्या गाड्या चढतात. खरी अडचण वळणांची. ताशी ३०० किमी.साठी सुमारे ४ किमी. त्रिज्या लागते आणि ती घाटात लांब बोगद्यांनीच साधते. बोगद्यात दाबलहर उठून कानांना दडे बसतात व तोंडाशी स्फोटासारखा आवाज होतो. त्यामुळे बोगद्याचा छेद मोठा ठेवून तोंडावर सच्छिद्र आवरण बांधावे लागते. खर्च वाढतो तो इथे.

२०१८ मध्ये याच दोन शहरांसाठी हायपरलूपचा (जवळजवळ निर्वात नळीतून वाहन धावण्याच्या योजनेचा) करार झाला होता. तो प्रकल्प उभा राहिला नाही. २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या सात अतिजलद मार्गांत मुंबई–पुणे आहे. दिल्ली–मेरठ (८२ किमी.) मार्गासाठी मात्र ताशी १६० किमी.ची, जागोजाग थांबणारी प्रादेशिक जलद सेवा निवडली गेली. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला.